निळ्याची हद्द

"अहो, निळ्याने पुन्हा पिवळ्याची शेपटी कुरतडली!" बायको ओरडली. आमच्या टाकीतला निळा सिक्लिड मासा कोपऱ्यातला दगड वडिलोपार्जित समजतो. जवळ कुणी फिरकलं की धावून जातो. शेवटी मी कोपरापर्यंत हात पाण्यात घालून सगळे दगड इकडचे तिकडे केले. आणि काय गंमत! निळा पार भांबावला. हद्दच उरली नाही, तर भांडणार कशासाठी? पिवळा तर ऐटीत त्याच्या नाकासमोरून गेला!

"माणसांचीही जागा अशीच अधूनमधून हलवायला हवी!" म्हणत मी हात पुसत वळलो. माझी खिडकीजवळची खुर्ची, जिच्यावर मी कुणालाच बसू देत नाही, ती दाराशी गेली होती. खिडकीत बायको स्टूल घेऊन बसली होती.

"बसा की कुठेही," ती म्हणाली.

मी खोलीच्या मधोमध उभा. काचेआडून निळा माझ्याकडेच बघत होता.