मोजल्याशिवाय सही नाही

फोन आला तेव्हा मी भाजी चिरत होते. माझी थोरली नणंद, मालूअक्का, बँकेच्या रांगेत उभ्या उभ्याच गेली. मल्लेश्वरमच्या घरी भेटायला येणारे म्हणत राहिले, “किती शांत होत्या!” तेव्हा मी ऐकून घेतलं. आता लिहून सांगते... शांत नव्हती ती. सरकारी कारखान्यात तीस वर्षं विजेच्या तारा तपासलेली, खोट्या कागदाला हात न लावणारी बाई होती.

माझी मुलगी मीरा कोरमंगलात मुलींच्या पीजीत राहायची. न्हाणीघरातल्या नळाला हात लावला की झिणझिण्या येत. मालक म्हणाले, तपासणी झालीय, सगळं उत्तम आहे. निवृत्त अक्काने आपला मेगर, म्हणजे तारेवरचं आवरण धड आहे का ते मोजणारं यंत्र, पिशवीत घातला. मीही बरोबर निघाले. ती तपासणी केलेला कंत्राटदार दारातच म्हणाला, “मॅडम, स्वल्प ॲडजस्ट माडी, थोडं सांभाळून घ्या, पाच मिनिटांचं काम.” अक्काने तीन तास घेतले. आधी मेन बंद, तारेत वीज उरली नाही याची खात्री. मग प्रत्येक दिवा काढला, चार्जर, फ्रिज, गीझर सोडवले. मेगरच्या विजेचा दाब काही उपकरणांना सोसत नाही, आणि ती जोडलेली राहिली तर आकडाही खोटा येतो. शेवटी तिने सगळे स्विच चालू केले.

“मेन बंद आहे, मग स्विच कशाला?” मालकांनी विचारलं.

“बंद स्विचच्या पलीकडची तार कोण मोजणार? यांनी तीच सोडली.”

गीझरच्या तारेवर काटा थेट शून्याकडे गेला, म्हणजे आवरण गेलेलं. मालक हळूच म्हणाले, “अक्का, मुली सोडून जातील हो. तपासणीच्या कागदावर चांगलं लिहा, दुरुस्ती करतो सावकाश.”

“लिहिणार नाही. आणि मेनही चालू होणार नाही.” ती जिन्यात मेनच्या बोर्डाखालीच बसली. मालकांनी बड्या ओळखी सांगितल्या, कंत्राटदार ओरडला... घाबरले मी. ती मुलींनी आणलेला चहा पीत राहिली. संध्याकाळी भिंत फोडली, तेव्हा ओलीत सोललेली, काळी पडलेली तार सगळ्यांनी पाहिली. नव्या तारा पडल्या, पुन्हा मोजणी झाली, तेव्हा कुठे अक्काने सही केली.

गेल्या आठवड्यात आमच्याकडे रंगकाम निघालं. मीटरशेजारच्या भिंतीवर अक्काचं अक्षर आहे: कुठली तार कुठल्या खोलीची, कधी मोजली, किती भरली. रंगाऱ्याने ब्रश उचलून विचारलं, “यावरून मारू?”

मी मध्ये उभी राहिले. “बेडा, नको,” म्हटलं. “बाकीची भिंत रंगव.”

तेवढा चौकोन जुन्या रंगाचाच आहे. विद्रूप दिसतो म्हणतात... दिसू दे.