पांढऱ्या कपड्यांतली जीपवाली माणसं

दानाला म्हणून निघालेल्या आमच्या घरच्यांनी अख्खा तांडा पळवून लावला, हे नातेवाईक अजून हसत सांगतात. मीही हसते. पण त्या दिवसाबद्दल आमच्या आईला कुणी वेडी म्हटलं, की मी तिथून उठून जाते.

आणीबाणीतला हिवाळा होता. दादा, म्हणजे माझे वडील, परतूरला शाळेत गुरुजी होते. तेव्हा गुरुजींकडं शिकवण्यापेक्षा मोठं काम आलं होतं, नसबंदीसाठी माणसं आणायचं. त्याला 'केस' म्हणत. हेडमास्तर विचारायचे, दादा म्हणायचे, "बघतो." त्यांनी एकही केस दिली नव्हती, पण 'देणार नाही' असं म्हणायची त्यांची छातीही होत नव्हती.

त्यातच आजोबांना जाऊन वर्ष झालं. आम्हा बौद्धांत गेलेल्या माणसाच्या नावानं पुण्यानुमोदन करतात, त्याला घरी जेवणावळ घालावी, असं भाऊबंदांचं म्हणणं. आई म्हणाली, "मामंजींनी जन्मभर दुसऱ्याच्या रानात राबून खाल्लं. त्यांच्या नावानं पोट भरलेल्यांना कशाला वाढायचं?" तिनं गव्हाची खीर केली, पुऱ्या तळल्या, सोलापुरी चादरी बांधून घेतल्या आणि डोंगराकडच्या लमाणांच्या तांड्यावर जायचं ठरवलं. दादांच्या ओळखीच्या एका जिनिंगवाल्या शेठनं जीप दिली, वर ड्रायव्हर चाचाही दिले.

सकाळी घरी वंदना झाली आणि आम्ही तसेच निघालो. आई आणि आत्या पांढऱ्या लुगड्यांत, दादा पांढऱ्या धोतर-सदऱ्यात, हातात चामड्याची काळी बॅग. बॅगेत मेणबत्त्या आणि आजोबांचा फोटो. आम्ही कुणासारखे दिसतोय, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

तांड्यावर माणसं उन्हाला बसली होती. जीप दिसली, कुणीतरी आपल्या बोलीत काहीतरी ओरडलं, आणि बघता बघता सगळे गडी तुरीच्या रानात शिरले. एक म्हातारा पायातली वहाण तिथंच टाकून पळाला.

दादांना फार वाईट वाटलं. ते बॅग घेऊन त्यांच्यामागं धावले. "अहो, थांबा. घाबरू नका. काही होत न्हाई. जेवायला मिळंल, चादर मिळंल."

नसबंदीच्या कॅम्पवाले अगदी हेच सांगत फिरायचे. तुरी आणखीच जोरात हलायला लागल्या.

चाचांनी कपाळाला हात लावला. "गुर्जी, कुछ मत बोलो. आप जित्ता बोल राह्यले, वो उत्ता भाग राह्यले."

तोवर बायकांनी जीपला घेरलं होतं. एक म्हातारी हातात मुसळ घेऊन पुढं आली. दंडभर पांढऱ्या बांगड्या, आवाज खणखणीत. "आमचे गडी नेऊ देणार न्हाई. आधी मला जीपखाली घाला."

तिनं रानातून परतणाऱ्या दादांच्या हातातली बॅग हिसकावली आणि उपडी केली. मेणबत्त्या घरंगळल्या. तिनं आजोबांचा फोटो उचलून निरखून बघितला.

"ह्याची बी केली का?"

"न्हाई, ते माझे वडील. वारले," दादा धापा टाकत म्हणाले.

"ऑपरेशननं?"

आत्याला हसू आलं. तिनं पदर तोंडात कोंबला, पण बायकांनी पाहिलंच, आणि त्या जास्तच बिथरल्या. एवढ्यात जीप आलेली बघून त्या भागाचे ग्रामसेवक सायकलवर आले. त्यांना वाटलं, गुरुजींनी अखेर केसेस गोळा केल्या. ते खुशीत होते.

मग आई जीपमधून उतरली. म्हातारीच्या समोर उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, "हे माझे मालक शाळेत गुरुजी हाएत. त्यांनी आजपतुर एक माणूस दिला न्हाई, आन पुढं बी देणार न्हाई. नोकरी गेली तर मी रोजानं जाईन."

ग्रामसेवकांचा चेहरा उतरला. "गुरुजी, बाई काय बोलून राह्यल्या?"

दादांचं धोतर तुराट्यांत अडकून फाटलं होतं, सदऱ्यावर कुसळं होती. मी त्यांच्याकडं बघत होते. मला वाटलं, आता म्हणतील, 'बघतो.' त्यांनी फाटलेला सोगा कमरेला खोचला.

"बराबर बोलून राह्यल्या," ते म्हणाले. "लिहून घ्यायचं असंल तर घ्या."

ग्रामसेवक सायकल वळवून गेले. म्हातारीनं मुसळ खाली ठेवलं, पण तिचा संशय फिटला नव्हता. "मंग आधी तू खा."

आई धुळीतच मांडी घालून बसली. शेजारी मला बसवलं. आम्ही खीर खाल्ली, तेव्हा म्हातारी बसली, मग बाकीच्या बायका, पोरं. गडी शेवटपर्यंत तुरीतच राहिले. त्यांच्यासाठी बायकांनी पुऱ्या आत नेऊन दिल्या. चादरी मात्र कुणी हातात धरल्या नाहीत. म्हातारी स्पष्ट म्हणाली, "खाणं घेतलं. चादर न्हाई घेणार. फुकट चादरीचं आम्हाला ठाऊक हाय."

आईनं आग्रह केला नाही. सगळं गाठोडं परत आलं.

व्हायचं तेच झालं. शाळेतून विचारणा झाली. माफी लिहून द्या, बाईमाणूस रागात बोलून गेली म्हणा, असं भाऊबंदांनी सुचवलं. "मी रागात न्हवते," एवढंच आई म्हणाली. दादांनी माफी लिहिली नाही. त्यांची बदली थेट हसनाबादला झाली. आम्ही भांडीकुंडी ट्रकमध्ये घालून निघालो, तेव्हा आत्या रडली. आई नाही रडली.

नव्या शाळेत पहिल्याच सकाळी तिथल्या हेडमास्तरांनी दादांना विचारलं, "गुरुजी, केसेसचं कसं करणार?"

"ते जमणार न्हाई," दादा म्हणाले. "माझा वर्ग कुठला?"