ओट्यावर ट्रंक टेकली की नाताळ

आधी अक्का. बाकी सगळं मागून. बसले आहे मी कॅसेटींचे नंबर सांगायला, पण अक्काचं सांगितल्याशिवाय पहिला नंबर माझ्या हातून लागायचा नाही. भुसावळच्या रेल्वे कॉलनीत आमच्या भिंतीला भिंत लावून राहणारी, मालगाडीच्या गार्डची बायको, धुळ्याकडच्या एका खेड्यातली ख्रिस्ती बाई. माझ्याजवळ आज नाताळच्या गाण्यांच्या पाच कॅसेटी आहेत, त्या तिच्या. आणि मी या गावात टिकून राहिले, तेही तिच्यामुळे.

मी कोकणातली. सातवीनंतर शाळा सुटली, कारण पुढची शाळा खाडीपलीकडे होती आणि तरीत, म्हणजे पलीकडे नेणाऱ्या होडीत, बसायची मला भीती वाटायची. लग्न करून भुसावळला आले तेव्हा भीतीला तरी नवीन कारणं मिळाली. माझे यजमान मालगाडीवर असिस्टंट ड्रायव्हर. ड्युटीचा निरोप घेऊन कॉल बॉय सायकलवरून यायचा, ह्यांची सही घ्यायचा, की हे निघाले. कधी इटारसीच्या बाजूला, कधी इगतपुरीला, कधी बडनेऱ्याला. परत कधी येणार ते त्यांनाही ठाऊक नसायचं. यार्डात डबे एकमेकांवर आदळले की मी हातातलं काम टाकून दारात यायची. कुठं काही झालं तर नसेल?

असंच एकदा दुपारी मी दारात उभी राहून रडत होते. शेजारच्या ओट्यावर अक्का गहू निवडत बसली होती.

"काबर रडस वं पोरी?"

मी म्हटलं, "काही नाही हो. गाडीचा आवाज झाला."

"गाडी बोंबलस, ती काय तुले खावाले येस का?" असं म्हणून तिनं सूप माझ्या हातात दिलं. "ले. रडता रडता निवड. खडे सापडतीन का नहीं ते देखूत."

तिला मी अहो-जाहो करायची, तर म्हणाली, "मी काय टी.सी. शे का? अक्का म्हन, तू म्हन." त्या दिवसापासून माझ्या दुपारी तिच्या घरात गेल्या. तिच्याकडे एक काळा टेपरेकॉर्डर होता, सेलवरही चालणारा. यार्डातला आवाज माझ्या कानांत शिरू नये म्हणून ती तो लावायची. एरवी भजनं, नाट्यगीतं, काहीही. नाताळच्या कॅसेटी मात्र नाही. त्या कपाटात, वरच्या खणात, पिशवीत बांधलेल्या.

त्यांच्या घरचा एक नियम होता. गार्डची ड्युटी सण बघत नाही. पंचवीस डिसेंबरला भाऊ, म्हणजे अक्काचे यजमान, घरी असतीलच याचा भरवसा नव्हता. म्हणून भाऊ ज्या दिवशी घरी येतील तो नाताळ. सकाळी चर्चला अक्का एकटी जायची, सगळ्यांना शुभेच्छा द्यायची, आणि घरी येऊन साधं वरण-भात खायची. दारातला कागदी तारासुद्धा तोवर अंधारात. भाऊंची झेंडे-दिव्यांची लाईनची मोठी पेटी स्टेशनवरच राहायची, पण शिधा, चादर, डबा ठेवायची एक लहान पत्र्याची ट्रंक ते घरी आणायचे. आले की पहिल्यांदा ती ओट्याच्या फरशीवर टेकवायचे आणि मग बूट काढायचे. ट्रंकेचा तो ठण् आवाज झाला की अक्का आतूनच टेपचं बटण दाबायची. भाऊंचे बूट निघेपर्यंत पहिलं गाणं सुरू. तारा पेटायचा, मटण शिजायला पडायचं, आणि दुसऱ्या चुलीवर वांगी भाजायला. भरताशिवाय भाऊंचा नाताळ होत नव्हता.

जेवण झालं की नंबर लावायचे. हा भाऊंचा खेळ. कोणत्या कॅसेटला मेलचा दर्जा, कोणती एक्स्प्रेस, कोणती पॅसेंजर, कोणती मालगाडी. मेलला लाईन आधी मिळणार, म्हणजे ती आधी वाजणार. मालगाडी मागे थांबणार.

नगरकडच्या एका मंडळीनं गायलेली मराठी गाण्यांची कॅसेट, हार्मोनियम आणि तबला, मागे बायकांचे जाडसर आवाज. ती मेल, यावर वाद नव्हता. इंग्रजी कॅसेट भाऊंना एका ड्रायव्हरनं दिली होती; तिच्या कव्हरवर बर्फात बुडालेलं घर होतं आणि आत एका पुरुषाचा खोल आवाज. मला एक शब्द कळत नव्हता, पण त्या कव्हरवरून अक्कानं मला इंग्रजी अक्षरं शिकवली. पुढं ह्यांच्या पगारपत्रकावरचं नाव मी वाचून दाखवलं तेव्हा हे बघतच राहिले. ती एक्स्प्रेस. माउथ ऑर्गनवरची, नुसतं संगीत असलेली, ती पॅसेंजर. "सगळ्या स्टेशनांवर थांबते," भाऊ म्हणायचे, "झोप लागते बसल्या बसल्या."

चौथी हिंदी. स्टेशनसमोरच्या दुकानातून भाऊंनी स्वतः आणलेली. ढोलक, खुळखुळे, मधेच शिट्ट्या. कॉलनीतली पोरं तिच्यावर नाचायची.

"हाई काय नाताळ शे का बँडबाजा?" अक्का कपाळाला हात लावायची.

"तुझ्या भावाला पोरगा झाला तेव्हा बँड वाजवला होता ना?" भाऊ म्हणायचे. "मग हे काय लेकरू नाही?"

"वाजाडा. पन नंबर शेवटला."

"मालगाडी तर मालगाडी. देशाचं पोट मालगाडीच भरते, समजलं? काय गं कोकण?" हे मला. मी त्यांना कधी कोकण, कधी आमचं पोरगं.

मी अक्काच्या बाजूनं बोलायची. ती हिंदी कॅसेट मला खरंच आवडायची नाही. फार मोठ्यानं वाजायची, आणि मोठ्या आवाजाची मला सवय नव्हती.

पाचवी कोऱ्या कॅसेटवर घरीच भरलेली. अक्काच्या माहेरी, अंगणात, तिच्या गावच्या बायका अहिराणीत गाताहेत. गोठामा दिवा, गोठामा दिवा, एवढीच ओळ मला पहिल्यांदा कळली. मधेच शेळी ओरडते, कुणीतरी म्हातारी खोकते, आणि अक्काचा आवाज येतो, "आते थांब वं, परत म्हनूत." तिला भाऊ नंबर द्यायचे नाहीत. हात जोडून म्हणायचे, "ही साहेबांची स्पेशल. हिच्यापुढे कुणी बोलायचं नाही. नुसता सलाम."

अशी आमची मजा. मूलबाळ नव्हतं त्यांना. भाऊ आले की ती घरं दोन नव्हती, एकच होतं.

ज्या वर्षाचं सांगते त्या वर्षी माझी मुलगी माझ्या पोटात होती. पंचवीस तारखेला भाऊ आले नाहीत. त्यात नवल काही नव्हतं. हेही बाहेरच होते, खंडव्याच्या बाजूला. सव्वीसला सकाळपासून वीज नव्हती. अक्कानं मटण आणून ठेवलं होतं, वांगी धुऊन ठेवली होती. मी तिच्याकडे खोबरं किसत बसले होते. त्या वर्षी तिच्या मनात काय आलं कोण जाणे. टेपमध्ये तिनं मराठी कॅसेट नव्हती घातली, हिंदी घातली होती.

मी म्हटलं, "अगं, मालगाडी पुढे?"

हसली. "जाऊ दे. एक साल त्यासनं मन राखू."

दुपारी ओट्यावर ट्रंक टेकल्याचा आवाज झाला. ठण्. तोच. मीही ओळखला. अक्कानं बटण दाबलं. ढोलक सुरू झाला, खुळखुळे सुरू झाले. वीज नव्हती म्हणून टेप सेलवर होता, तरी काय मोठा आवाज. अक्का पदराला हात पुसत दारापर्यंत गेली आणि पडदा सरकवायच्या आधीच म्हणाली, "उनात का?" आलात का, म्हणून.

दारात माझे यजमान उभे होते. ड्युटीच्या कपड्यांत, तोंडावर कोळशाचा नाही पण कसला तरी काळिमा. पायाशी भाऊंची ट्रंक.

त्यात त्यांचं काय चुकलं? खंडव्याच्या रनिंग रूममधून, म्हणजे ड्रायव्हर-गार्डच्या विश्रांतीच्या खोलीतून, कुणीतरी ती त्यांच्या हातात दिली होती. तुम्ही शेजारी, तुमची गाडी आधी सुटते, घरी पोचवा. सामान मागे राहिलं तर हरवतं. लाईनवरची सगळी माणसं एकमेकांसाठी असंच करतात. आणि अक्काच्या दारी ट्रंक ठेवायची जागा ओटाच. आधी हाक मारावी की आधी ट्रंक टेकवावी, एवढा विचार सुचण्यासारखी त्या माणसाची अवस्था नव्हती.

हे म्हणाले, "अक्का… भाऊ खंडव्याला आहेत."

अक्का त्यांच्या मागे बघत होती. रस्त्यावर.

"दवाखान्यात," हे म्हणाले.

"काय जायं?"

"छातीत दुखलं. पहाटे."

आत गाणं चालूच. पोरं नाचायची ते गाणं. ते बंद करायला मी उठायला हवं होतं, हेही आज बसून वाटतं; तेव्हा मी खोबऱ्याची वाटी हातात धरून बसून होते. अक्कानं विचारलं, "त्यासनी जेवन करं का?"

ह्यांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, मला कळलं नाही. मग ते ओट्यावरच बसले आणि रडायला लागले. तेव्हा अक्काला कळलं. ती खाली बसली, ट्रंकेवर हात ठेवून. बाजूच्या क्वार्टरमधली माणसं यायला लागली. टेपकडे कुणाचं लक्ष नव्हतं. सेल जुने होते. गाणं हळू होत गेलं, ढोलक जड झाला, बाईचा आवाज पुरुषासारखा झाला, आणि एका शब्दाच्या मध्येच थांबला.

दुसऱ्या दिवशी भाऊंना आणलं. माती झाल्यावर अक्कानं ट्रंक उघडली. चादर घडी केलेली. शिध्याची पुडी न सोडलेली. आणि एका कागदात नवे चार सेल. नाताळात वीज जाते म्हणून वाटेत घेतले असतील.

त्यानंतर आमचे हे घरी आले की स्वतःची ट्रंक ओट्यावर ठेवत नाहीत. उचलून थेट आत आणतात आणि गादीवर ठेवतात, आवाज न करता. सांगितलं कुणी नाही.

क्वार्टर सोडायची वेळ आली तेव्हा अक्का धुळ्याकडे भावाच्या गावी जायला निघाली. माझी मुलगी तेव्हा महिन्या-दोन महिन्यांची असेल. टेप आणि भाऊंची ट्रंक तिनं आमच्या घरात आणून ठेवली, आणि कॅसेटींची पिशवी माझ्या मांडीवर.

"माले आते जमाव नही. तू लाव."

मी म्हटलं, "अगं पण मी ख्रिस्ती नाही, मला काय कळतंय त्यातलं?"

"तुले नंबर लावता येस ना? मग झाये. पन नंबर लावानं बंद नको करू."

ती स्पेशल कॅसेटही दिली, तिच्या आवाजाची, तिच्या माहेरची. ती तरी ठेव म्हटलं, तर म्हणाली, "गाव मनाजोडे राहीन. कॅसेट कसाले?" गावच तिच्याजवळ राहणार होतं.

मी बंद केलं नाही. दर डिसेंबरात मुलगी आणि मी नंबर लावतो. तिला माउथ ऑर्गन मेल वाटतो, कारण तिची शाळेतली मैत्रीण तो वाजवते. मी भांडते. माझे नंबर सांगते एकदाचे. मराठी अजूनही मेल. त्या जाड आवाजाच्या बायका मला माझ्या आईच्या वयाच्या वाटतात. इंग्रजी एक्स्प्रेस, ती कायम, माझी शाळा म्हणून. माउथ ऑर्गन पॅसेंजर. अहिराणीला सलाम. ती वर्षातून एकदाच लावते, कारण फीत जुनी झाली आहे आणि तुटली तर काय, ही धास्ती मला सोडत नाही. तिच्यातलं "आते थांब वं" आलं की मी खरंच थांबते.

आणि हिंदी. मुलगी विचारते, "आई, हिचा नंबर?" मी सांगते, ती लूप लाईनीत, बाजूच्या रुळावर, उभी आहे. सिग्नल नाही तिला. ती एका शब्दाच्या मध्ये थांबली तिथंच अजून आहे. मी मागे फिरवली नाही, पुढे नेली नाही. एका वर्षी मुलीनं हट्ट केला म्हणून टेपमध्ये घातली, बटणावर बोट ठेवलं, आणि काढून ठेवली. पुढचा शब्द काय आहे ते मला माहीत आहे, शंभरदा ऐकला आहे. तरी तो अक्काच्या आधी मी ऐकावा असं वाटत नाही.

अक्काच्या गावी मी अजून गेले नाही. जळगावहून एरंडोल, पारोळा, मग धुळे, तिथून पुढे आणखी एक एस.टी. वाट काही फार नाही. मुलगी लहान, ह्यांची ड्युटी, अशी कारणं सांगते मी. खरं म्हणजे भीती वाटते. तिनं मला बघितलं की तिला ती दुपार आठवेल, असं वाटतं. आणि पुन्हा वाटतं, ती दुपार ती विसरली तरी कधी असेल?

धुळ्याकडचा एक शिपाई ह्यांच्याबरोबर आहे. तो सांगत होता, अक्का बरी आहे, डोळ्यांनी कमी दिसतं. दारात बसलेली असते. पावलांवरून माणूस ओळखते.

अक्का, मी येणार आहे. या नाही तर त्या डिसेंबरात, पण तू असताना येणार. भाऊंची ट्रंक माझ्याकडेच आहे, तिच्यात पाचही कॅसेटी घालून आणीन, नवे सेल आणीन, वांगीही इथलीच आणीन. मालगाडीला सिग्नल तू दे. नको म्हणालीस तर राहील उभी. तू मला एका दुपारी सूप हातात देऊन सांभाळलंस, त्याची फेड याहून दुसरी मला सुचत नाही. आणि ट्रंक मी दारात अशी येऊन टेकवणार नाही. गल्लीच्या तोंडापासून हाक मारीन, अक्का, मी शे, कोकण, म्हणून. तू ओ दिलीस की मगच खाली ठेवीन.