चरकाजवळची कुऱ्हाड

सेराफीनचं काम गुऱ्हाळात कुणालाच नको होतं. चरकाशेजारच्या खांबाला कुऱ्हाड टांगलेली असे. चरकाला ऊस लावणाऱ्या बाईची बोटं रुळांत सापडली, की अख्खी बाई आत ओढली जाण्याआधी तिचा हात तोडायचा, हे सेराफीनकडे. रात्रंदिवस उभ्या बायका पेंगायच्या, आणि चरकाला कुठली दयामाया? सख्ख्या बहिणीचा, ऑनोरीनचा हात तिनेच उडवला होता. जखम चिघळून ऑनोरीन गेली. तिची पोर पेलाजी सेराफीनने पोटाशी धरली.

मग लेकायच्या मैदानी मुलखात गुलामांचं बंड पेटलं. मळे जळले, मालक पळाले, उरलेलं सरकारजमा झालं, गुलामगिरी संपल्याची दवंडी पिटली. चाबूक जाळला तेव्हा सेराफीन ढसाढसा रडली. पण नवा कायदा वाचून दाखवला, तर पिकातला बायकांचा वाटा पुरुषांहून कमी आणि चरक बायकांच्याच माथी. पहिले पाढे पंचावन्न. कालपर्यंत स्वतः गुलाम असलेला मुकादम आझोर आता छातीवर नव्या सरकारची तिरंगी फीत लावून हुकूम सोडत होता.

एका सकाळी बायका बसूनच राहिल्या.

"उठा, नागरिक बायांनो," आझोर म्हणाला. "ऊस वाळतोय."

"मग लाव की तू," सेराफीन म्हणाली. "तुला काय हात नाहीत?"

पुरुष खो खो हसले. आझोरचं डोकं फिरलं. त्याने पेलाजीला केसांना धरून चरकापर्यंत फरफटत नेलं, तिच्या हातात उसाचं कांडं कोंबलं आणि चरकाला जुंपलेली खेचरं हाकली.

"घे तुझी कुऱ्हाड," तो सेराफीनला म्हणाला. "भाचीला नीट सांभाळ."

तिने कुऱ्हाड घेतली आणि खेचरांचे दोर तोडले. चरक थांबला. आझोर सोटा उगारून धावला, तेव्हा कुऱ्हाडीच्या बोथट तुंब्याने तिने त्याचा जबडा फोडला. रक्तासकट दात चिपाडावर सांडले. मग ती चरक फिरवणाऱ्या लाकडी लाठेवर घाव घालत सुटली.

"अगं, देशाचा माल आहे तो," एक म्हातारा ओरडला.

"मग देशाला म्हणावं, आत हात घालून बघ."

शिपायांनी बंदुकीच्या दस्त्यांनी तिच्या बरगड्या मोडल्या आणि तिला तुरुंगात टाकलं.

पेलाजी रताळी घेऊन भेटायला आली. सेराफीनने आधी तिचे दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले.

"ऊस कोण लावतं गं?"

"चरक सांधला, आता बाप्येच लावतात. बायका उठल्याच नाहीत. पण मावशी, कुऱ्हाड धरायला कुणी धजत नाही. आझोर म्हणतो, तू येत असशील तर तुला सोडवतो."

सेराफीनने रताळं सोललं.

"त्याला सांग, मी इथेच बरी आहे."