बाणाची बैठक

परतूर तालुक्यात जे जे म्हणून सरळ उभं आहे, ते एकतर आमच्या मामांनी बसवलेलं आहे, नाहीतर शेजारून जाता जाता त्यांनी गुपचूप सरळ केलेलं आहे. मी त्यांची भाची आहे म्हणून कौतुक करते असं कोणी समजू नये. मी सातवीत जाईपर्यंत आमच्या घराला दारच नव्हतं, त्या अनुभवावरून बोलते. एक खोली, वर पत्रे, आणि दाराच्या जागी दोन बारदानं जोडून शिवलेला पडदा. बाबा जिनिंगवर हमाल. कापसाचा हंगाम सरला की ते मिळेल त्या कामाला जायचे आणि आई लोकांच्या सोयाबीनमध्ये खुरपायला. पावसाळ्यात ते बारदान भिजून असं जड व्हायचं की घरात शिरताना अंगावर ओली म्हैस रेलल्यासारखी वाटायची. कुत्र्यांना मात्र त्याची काही अडचण नव्हती. ती बाराही महिने न विचारता आत यायची. एक दिवस आईचे हे थोरले भाऊ परतूरहून सायकलवर सागाची जुनी चौकट आडवी बांधून आले. दार बसवायला त्यांना एक दिवस लागला, आणि ते सरळ बसलंय याची खात्री करायला दोन.

मामा सुतार. त्यांच्या सदऱ्याच्या डाव्या खिशात काडेपेटी, सायकलच्या ट्यूबचे तुकडे, लाकडाच्या बारीक पाचरी आणि बोटाएवढी पाणसळ असते, म्हणजे ती आत बुडबुडा असलेली काचेची नळी. बिडी ते ओढत नाहीत. काडेपेटी डगमगणाऱ्या गोष्टींसाठी. हॉटेलात चहा आला की आधी टेबलाखाली वाकतात, पायाखाली काडी सारतात, आणि मगच कप उचलतात. तोवर चहावर साय धरलेली असते. एका लग्नात नवरदेव मांडवात आला तेव्हा मामा मांडवाच्या खांबाला ओळंबा लावून उभे होते. "पाव्हणं, पोरगा आलाय," बाबा म्हणाले. "पोरगा उद्या बी दिसंल," मामा म्हणाले, "खांब आज पडंल." त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे: "मानूस इंचानं चुकत न्हाई, सुतानं चुकतो." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आणि एखादी वस्तू सरळ आहे की नाही हे त्यांनी आयुष्यात कुणाला विचारलेलं मी ऐकलं नव्हतं. विचारायचं कुणाला? तालुक्यात त्यांच्याहून मोठी पाणसळ नव्हती.

बारावीनंतर मी जालन्याला कॉलेजात गेले. आमच्या घरातून तिथवर कोणी गेलं नव्हतं. गावाला एस. टी. दिवसातून एकदा, म्हणून होस्टेल हवंच, आणि होस्टेलात खोली मिळाली ती खेळाडूंच्या कोट्यातून. मी तिरंदाजी करायचे. लाकडी धनुष्य, त्याला ना दुर्बीण ना वजनं. पहिल्या वर्षानंतर सरांनी स्वच्छ सांगितलं, विद्यापीठाच्या संघात निवड झाली तरच खोली राहील. खोली गेली तर कॉलेज गेलं. बाबांनी परतूरच्या शिवणक्लासची चौकशीसुद्धा करून ठेवली होती. रागानं नाही, बापानं करावी तशी.

आणि नेमके माझे बाण डावीकडे जायला लागले. सरांच्या परवानगीनं कॉलेजचं धनुष्य दिवाळीच्या सुट्टीत घरी आणलं आणि गोठ्याशेजारी पोत्यात कापसाचा कचरा ठासून त्यावर नेम धरत बसले. बाण शेपूट हलवत जायचा आणि वीतभर डावीकडे रुतायचा. एक तर पोतं सोडून गोठ्यात गेला. आई भांडी घासता घासता म्हणाली, "म्हैस आटली तर सरकार दूध देनार हाय का?"

दिवाळीला आलेले मामा ओट्यावर बसून हे बघत होते. उठले, धनुष्य हातात घेतलं, उलटंपालटं केलं. मुठीच्या जरा वर, डाव्या बाजूला लाकडात खाच असते. बाण तिथं टेकतो. खाली चामड्याचा एक तुकडा, आणि आतल्या उभ्या अंगाला दुसरा. सर तिला शेल्फ म्हणायचे.

"शेल्फ म्हंजे फळी. ही तर बाणाची बैठक हाय," मामा म्हणाले. "आन् बैठकच झिजून गेलीया तुही. बाण बिचारा बसंल कसा?"

"मामा, लाकडाला रंधा लावू नका हं. कॉलेजचं आहे."

"मी काय येडा हाय का? कातडंच बदलून राह्यलो."

जुन्या चपलेचा अंगठा सोलून त्यांनी चामड्याच्या पट्ट्या काढल्या, एकीवर एक चिकटवल्या, आणि दुपार घालवून ती बैठक उंबरठ्यासारखी सपाट केली. वर पाणसळ ठेवली. बुडबुडा मधोमध. "आता यावर वाटाना ठिव. घरंगळला तर सुतारकी सोडतो."

वाटाणा घरंगळला नसता. बाण मात्र असा उडाला की आधीचे बाण गुणी वाटले. शेपटीनं वर उसळी घेतली, पिसं विस्कटली, आणि म्हैस स्वतःच दावणीला मागे सरकली. मामांनी आणखी पाच बाण मारायला लावले. सगळे तसेच. सहाव्यानंतर ते ओट्यावर जाऊन बसले. चहा आला, ओट्याला पाणसळ लावणं नाही, साय धरणं नाही, गरम चहा सरळ पिऊन टाकला. आई घाबरली. "दादाला ताप तर न्हाई ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी लाकडावर रेघ मारायचा गेरू आणला आणि चिमूटभर बैठकीवर भुरभुरला. "मार." मी मारला. बाण उपटून आणला तर पिसांच्या कडा लालभडक, आणि बैठकीवरचा गेरू या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसलेला. मामा त्या पिसांकडे खूप वेळ बघत राहिले. मग एकदम म्हणाले, "दार घासतंय."

आमच्या दाराकडे मी बघितलं. ते कुठेच घासत नव्हतं.

"आगं, बाण! पावसात दार फुगलं की सगळ्या अंगानं घासतं, तसा ह्यो सपाटीवर घासत चाललाय. याला उंबरठा नको. एका ठिकानी टेकू पायजे, बास." आणि मग, माझ्याकडे न बघता, "जलमभर सपाट करत आलो. हिला उंचवटा लागतो म्हनून कुनाला सांगू?"

सगळ्या पट्ट्या त्यांनी उपटल्या. काडेपेटीतली एक काडी घेतली, गुल मोडून टाकला, तुकडा मुठीच्या सगळ्यात खोल जागेच्या बरोबर वर आडवा ठेवला आणि त्यावर एकच पातळ चामडं ओढून बसवलं. बैठकीला तांदळाएवढी पाठ आली. त्या पाठीवर बाण टेकायचा, बाकी सगळीकडे अधांतरी. पाणसळ खिशातच राहिली.

सर म्हणायचे, बाण कागदातून मारला की तो कसा जातो ते कळतं. कागद ताणून धरायला चौकट हवी. चौकट घरात एकच होती. मामांनी आमच्या दाराच्या चौकटीवर पेपर चिकटवला आणि मी घराच्या आतून अंगणातल्या पोत्यावर बाण मारायला लागले. सपाट बैठकीवर टोकाचं भोक खाली आणि पिसांची फाट बोटभर वर आली असती. आता भोक जवळजवळ गोल आलं, नुसतं डावीकडे जरासं फाटलेलं. मामा चष्मा लावून त्या फाटीसमोर बसले. वर्तमानपत्र इतकं मन लावून वाचणारा माणूस मी तरी बघितला नाही. एवढ्यात बाबा कामावरून आले आणि अंगणात थबकले. "पाव्हणं, घरात यावं का आधी बातम्या वाचाव्या?"

"बाजूला सरा. डावीकडची भानगड ऱ्हायलीया."

ती भानगड उभ्या अंगाच्या चामड्यात होती. जाड असल्यामुळे बाण बाहेर ढकलला जायचा. मामा काचेच्या तुकड्यानं ते खरवडत, मी बाण मारी. खरवडा, मारा, खरवडा, मारा. तिसऱ्या दिवशी बाण पोत्याच्या मधल्या टाक्यात रुतला. मग दुसरा. तिसराही. म्हैस पुन्हा पुढे सरकून कडबा खायला लागली.

निवड चाचणीला मामा जालन्यापर्यंत आले. मैदानात आल्या आल्या पंचांच्या टेबलाखाली वाकून काडी सारून आले. अर्ध्यात मी यादीत बसत होते. आणि तेव्हाच उन्हानं गोंद सुटून चामड्याचा कोपरा उचलला गेला, काडी खाली पडली. पुढचा बाण डावीकडे. त्यापुढचाही. मी हात वर केला. पंचांनी दुरुस्तीला वेळ दिला. दोरीपलीकडे उभ्या मामांनी काडेपेटी बाहेर काढली, तसे पंच ओरडले, "ओ आजोबा, मैदानात बिडी न्हाई!"

"बिडी न्हाई सायेब," मामा शांतपणे गुल मोडत म्हणाले, "बैठक हाय."

काडी, गोंदाचा थेंब, वर चामडं, अंगठ्यानं दाबून शंभरपर्यंत मोजणं. "घासत न्हाई आता," एवढंच म्हणून त्यांनी धनुष्य माझ्या हातात दिलं. उरलेले बाण मी मारले. यादीत माझं नाव सगळ्यात शेवटी होतं. होस्टेलच्या खोलीला नाव पहिलं आहे की शेवटचं, याच्याशी देणंघेणं नसतं.

मागच्या उन्हाळ्यात माझं पदवीचं प्रमाणपत्र घरी आलं. चौकट अर्थात मामांनीच केली. त्यांची नजर आता मंदावली आहे आणि हाताला बारीक कंप आहे. आमची भिंत मधेच पोट काढून बसली आहे, त्यामुळे चौकट एका अंगानं हलायची. त्यांनी काडेपेटी काढली. पहिली काडी हातातून पडली, दुसरीही पडली. मी उचलायला वाकले नाही. त्यांच्या कामात कोणी हात घातलेला त्यांना खपत नाही. तिसरी काडी चौकटीमागे गेली आणि चौकट हलायची थांबली. दोन पावलं मागे येऊन मामा डोळे बारीक करून बघत राहिले. खिशातली पाणसळ काढली, डोळ्यांजवळ नेली, पुन्हा खिशात ठेवली. मग माझ्याकडे वळले.

"बराबर हाय का गं माय?"

"बराबर आहे, मामा."

खरंच होती. बारदानाचा पडदा जिथं लोंबायचा त्या दारातून आत आलं की समोरच ती चौकट दिसते. तिच्यात माझं नाव आहे, आणि मी बी.ए. झाल्याचं लिहिलं आहे. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर.