मलाक्क्याच्या मामाची पसंती

किस्से कोणी ठरवून गोळा करत नाही. घरात एका पिशवीत दुसरी, दुसरीत तिसरी अशा पिशव्या साठत जातात ना, तसेच हे साठतात. आम्ही चौघी रोज सकाळी, ऊन भाजायला लागायच्या आत, चंद्रपूरच्या रामाळा तलावाकाठी फिरतो. म्हणजे फिरणं कमी अन् बोलणं जास्त! त्यात मलाक्क्याचा विषय निघाला की घरी चहाला कोणी वाट बघतंय हे कोणालाच आठवत नाही.

चौघी कोण, ते आधी सांगते. ताराबाई मूळच्या चिमूरच्या, निवृत्त मुख्याध्यापिका. सुलोचनाबाई मूल गावाकडच्या, घरी धानाची शेती. शिप्रादी मुलचेऱ्याजवळच्या बंगाली वस्तीत वाढलेल्या. आणि मी निवृत्त नर्स. डॉक्टरांचं इंग्रजी आयुष्यभर ऐकल्यामुळे परदेशात दुभाषी म्हणून माझीच नेमणूक झाली.

तर ताराबाईंचा सिद्धार्थ सिंगापुरात नोकरीला. त्याला सू-यिन नावाची मुलगी आवडली. ती मलेशियातल्या मलाक्का नावाच्या जुन्या बंदराच्या गावची. तिचे पूर्वज चीनहून व्यापाराला आले अन् तिथेच मुरले. त्यामुळे देव चिनी, बोली मलय आणि स्वयंपाक दोन्हीकडचा!

ताराबाईंच्या दिरांनी भर बैठकीत विचारलं, "काऊन वैनी, आपल्या समाजात पोरी नाईत काय?"

ताराबाई म्हणाल्या, "पोरगी बुद्धाच्या घरची आहे. अजून काय पाह्यजे तुमाले?" दिरांनी चहा संपवला आणि चप्पल शोधली.

पण खरी अडचण पलीकडच्या बाजूला होती. सिद्धार्थ फोनवर म्हणाला, "आई, तिच्या घरी सगळे तयार आहेत, पण मामाला पटलं पाहिजे. मामाच्या शब्दाबाहेर तिथे कोणी नाही. आणि मामाला आधी मुलाची आई बघायची आहे."

"कसा आहे स्वभाव?" ताराबाईंनी विचारलं.

"मी अजून भेटलो नाही. सू-यिन म्हणते, एकदम कडक! पण खाण्याचा भारी शौक."

ताराबाईंनी स्वतःचा पासपोर्ट काढला आणि आमचेही काढायला लावले. "सून आणीन तं हीच," त्यांनी तलावाकाठीच जाहीर केलं, "मामाले पटवल्याबगर मी काई परत येत नाई!"

मुलीचा मामा म्हणजे आपल्याकडे केवढा मान! ताराबाईंनी गोलबाजारातून पांढरी टोपी, जरीकाठी शेला आणि सदऱ्याचं कापड घेतलं. माप माहीत नव्हतं, म्हणून टोपी जरा मोठीच घेतली.

•••

सुलोचनाबाईंची बॅग उचलली तर हात खाली गेला. आत घरचे तांदूळ!

"वो बाई, तो भातखाऊ लोकांचाच देश आहे," मी म्हटलं.

"असू दे. भात आपला आपला रायते."

मलाक्क्यात पहिल्याच दुपारी सिद्धार्थने आम्हाला एका जुन्या हॉटेलात नेलं. तिथली खासियत म्हणजे कोंबडीच्या रश्शात शिजवलेला भात, पण गोल गोल लाडू वळून दिलेला. बाहेर लोकांची रांग लागलेली.

सुलोचनाबाईंनी एक लाडू उचलला, दाबला, प्रकाशात धरून पाहिला. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "याहिचा भात गिच्चा गोळा झाला असंल कधी तरी. सासूपासून लपवाले कोण्या सुनेनं लाडू केले अन् म्हातारीले आवडून गेले!"

मी हे सिद्धार्थला सांगितलं, त्याने वेटरला सांगितलं. वेटर गंभीरपणे म्हणाला, आमच्याकडे वेगळी गोष्ट सांगतात, पण ही जास्त खरी वाटते! सुलोचनाबाईंनी खुशीत दुसरी प्लेट मागवली. घरचे तांदूळ बॅगेतच राहिले.

•••

दुसऱ्या दिवशी गाव पाहायला निघालो. लालबुंद डच इमारती, नदीकाठची रंगवलेली घरं, फुलांनी मढवलेल्या आणि मोठ्याने गाणी वाजवणाऱ्या सायकलरिक्षा. शेवटी गाईडने आम्हाला किल्ला दाखवायला नेलं. किल्ला म्हणजे काय, तर एक दरवाजा! बाकी काही नाही. त्याच्यापुढे मात्र फोटोसाठी ही गर्दी.

गाईड सांगू लागला, "पोर्तुगिजांनी बांधला, डचांनी घेतला, इंग्रजांनी पाडला. हा एवढाच वाचला."

मी भाषांतर केलं. सुलोचनाबाई म्हणाल्या, "त्याले सांग, आमच्या गावाले अख्खा परकोट आहे. चार दरवाजे, वरून खिडक्या म्हणतात ते बारके दरवाजे! अन् पाडाले आमाले इंग्रज लागत नाई, आमचे आमीच पुरते!"

आम्ही हसलो खऱ्या, पण मला मनातून लाज वाटली. त्याच परकोटाच्या जटपुरा गेटातून मी आयुष्यभर गेले ती पुढच्या ऑटोवाल्यावर ओरडत. मान वर करून त्या दरवाज्याकडे कधी बघितलंच नाही. परत आल्यावर सगळ्यात आधी तेच केलं, तर मागचा ऑटोवाला माझ्यावर ओरडला!

•••

आता सांभाराचा किस्सा. आमच्याकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात. पुण्या-मुंबईच्या लोकांना हे माहीत नसतं, म्हणून आधीच सांगून ठेवते.

रस्त्याकाठच्या गाडीवर आम्ही लाक्सा घेतला. नारळाच्या दुधातल्या रश्शात शेवया अन् झिंगे. ताराबाईंनी चाखला आणि चिमटीने वरून भुरभुरल्यासारखं करत गाडीवालीला म्हणाल्या, "थोडा सांभार टाका जी."

"संबल? संबल!" गाडीवाली खूश झाली आणि तिने डावभर लालभडक काहीतरी वाडग्यात ओतलं. संबल म्हणजे त्यांचा मिरचीचा ठेचा!

आम्ही म्हटलं, राहू द्या, दुसरा घेऊ. पण ताराबाईंनी शाळेत खिचडी टाकणाऱ्या पोरांना वर्गाबाहेर उभं केलेलं. "अन्न टाकत नसतात," म्हणाल्या आणि वाडगं संपवलं. डोळ्यातून धारा, नाकातून धारा, पण चमचा थांबला नाही. गाडीवालीने टाळ्या वाजवल्या.

रात्री तमिळ हॉटेलात पुन्हा तोच प्रयोग. "सांभार?" "सांबार!" आणि बादली घेऊन वाढपी हजर.

ताराबाई आता इरेला पेटल्या. तिसऱ्या दिवशी सकाळीच आम्हाला भाजीबाजारात घेऊन गेल्या. एका दुकानात हिरवीगार जुडी दिसली तशी त्यांनी ती उचलून नाचवली. "हा! हाच तो सांभार!"

भाजीवालीने मान हलवली. "केतुंबर, केतुंबर!"

सुलोचनाबाईंनी कपाळाला हात लावला. "घ्या! बाई पुण्याची निघाली!"

•••

शिप्रादी एरवी कमी बोलतात. बाजारात मात्र सुक्या झिंग्यांचा वास आला तशा त्या आम्हाला सोडून निघून गेल्या. सापडल्या तेव्हा दुकानदाराबरोबर स्टुलावर बसून त्याला बंगालीत झिंग्यांतला फरक समजावत होत्या, आणि तो आपल्या भाषेत वाद घालत होता. दोघांनाही दुभाष्याची गरज नव्हती.

संध्याकाळी आम्ही समुद्रावर गेलो. शिप्रादींनी सिद्धार्थला विचारलं, "बाबू, इथून बंगाल कुठी?"

त्याने उजवीकडे, वरच्या अंगाला हात केला. म्हणाला, हेच पाणी पुढे बंगालच्या उपसागराला मिळतं. शिप्रादींचे वडील बंगालातलं खाऱ्या पाण्याकाठचं घरदार सोडून आले, थेट आमच्या जंगलात वसले. मरेपर्यंत त्यांना मुलचेऱ्याचं पाणी गोड लागायचं आणि त्याचंच वाईट वाटायचं.

शिप्रादी साडी वर धरून पाण्यात गेल्या, ओंजळ तोंडाला लावली आणि घोट थुंकून टाकला.

"खारट आहे," त्या म्हणाल्या. "बाबा खोटं नव्हते बोलत." आम्ही तिघी त्यांच्याजवळ जाऊन उभ्या राहिलो.

•••

चौथ्या दिवशी मामाकडे जायचं होतं. नवऱ्यामुलाने त्या दिवशी घरात पाऊल टाकायचं नाही, अशी मामाची अट. सिद्धार्थला नदीकाठी सरबत प्यायला बसवलं आणि आम्ही चौघी नेसून-सवरून निघालो. तबक माझ्या हातात. त्यात टोपी, शेला, कापड.

घर समोरून अरुंद, आत मात्र लांबच लांब. मधे चौक, त्यात वरून उजेड येणारा. सू-यिन हसत पुढे आली. तिच्यामागे एक इवलीशी म्हातारी, अंगात जाळीदार कशिद्याचं पोलकं, खाली फुलाफुलांची लुंगी, केसांचा घट्ट अंबाडा.

"ही माझी मामा," सू-यिन इंग्रजीत म्हणाली.

आम्ही चौघींनी म्हातारीच्या मागे पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

"मामा कुठी आहेत?" ताराबाईंनी मला विचारलं. मी सू-यिनला विचारलं. तिने पुन्हा म्हातारीकडे बोट केलं. मग उलगडा झाला! त्या घरांत आजीलाच मामा म्हणतात.

मी तबक हळूच पाठीमागे न्यायला लागले. ताराबाईंनी माझा हात धरला. "आणलं ते मामासाठीच आणलं ना? मंग द्याचं!"

आणि सरळ जाऊन त्यांनी शेला म्हातारीच्या खांद्यावर घातला, टोपी हातात दिली. म्हातारीने टोपी उलटीसुलटी करून पाहिली, अंबाड्यावर बसवली आणि मधल्या खुर्चीवर जाऊन बसली. माप बरोबर निघालं!

"पाहा," सुलोचनाबाई कुजबुजल्या, "मामा तो मामाच!"

•••

पण टोपी घातली म्हणजे होकार नव्हे. म्हातारीने चहा दिला, खोबऱ्याच्या निळ्या-हिरव्या वड्या दिल्या, आमच्या साड्या हाताने चाचपून पाहिल्या. हो नाही आणि नाहीही नाही. मग ती काहीतरी बोलली आणि सू-यिनचा चेहरा उतरला.

तिने मला समजावून सांगितलं. पूर्वी मुलगी पाहायला आलेली माणसं म्हणे स्वयंपाकघराबाहेर बसून आत मिरचीचा संबल कुटण्याचा आवाज ऐकत. त्या आवाजावरून बाईचा हात कळतो. मामाला आज मुलाच्या आईचा हात ऐकायचा होता.

ताराबाईंच्या घरी सगळं मिक्सरमधे होतं. हातात आयुष्यभर खडू होता. मी म्हटलं, "ताराबाई, मी सांगते त्यांना, तुमचा खांदा दुखतो म्हणून."

"काऊन? धडधाकट तं आहे खांदा!" पदर खोचून त्या आत गेल्या.

आम्ही बाहेर म्हातारीसोबत बसलो. तिने डोळे मिटले. आतून आवाज आला. ठण्! मग बराच वेळ काही नाही. मग ठण् ठण् ठण्! हुबेहूब शाळा सुटल्याची घंटा. मग "आई गं!" डोळ्यात मिरची उडाली असणार. आम्ही उठणार तोच पुन्हा ठण् ठण् सुरू झालं, आणि ते काही केल्या थांबेना. सू-यिनने माझा हात घट्ट धरला होता.

शेवटी म्हातारी उठली आणि आत गेली. मागोमाग आम्हीही. ताराबाई घामाघूम, एक डोळा मिटलेला, तोंड लाल, पण मुसळी हातात. म्हातारीने बोटाने तो ठेचा चाखला आणि कडू औषध घेतल्यासारखं तोंड केलं. लिंबू पिळलं, पुन्हा चाखलं, पुन्हा तेच तोंड.

मग ती ताराबाईंच्या उघड्या डोळ्याकडे नुसती बघत राहिली. ताराबाईंनीही नजर काढली नाही.

म्हातारीने सू-यिनला काहीतरी विचारलं. सू-यिन एकदम रडायला आणि हसायला लागली. तिने मला सांगितलं आणि मी ताराबाईंना सांगितलं, "मामा विचारून राह्यल्या, नातीनं तिकडे राहायचं म्हटलं, तर चंद्रपूरचं ऊन कसं असतं?"

सुलोचनाबाईंना ठसका लागला. शिप्रादी छताकडे बघायला लागल्या. 'नेहमी खरे बोलावे' हे वाक्य ज्यांनी जिल्ह्यातल्या कितीतरी पोरांकडून गिरवून घेतलं, त्या ताराबाईंनी पदराने डोळा पुसला, म्हातारीचा हात हातात घेतला आणि मला म्हणाल्या,

"सांग त्यायले, कोवळं!"