द्वादशीची भरती

सौदीतल्या यान्बू बंदरात माझ्यामुळे एका तांडेलाची, म्हणजे बोट चालवणाऱ्या माणसाची, नोकरी गेली. हे वाक्य मी कंपनीच्या चौकशीत बोलायला हवं होतं. तिथे बोललो नाही, म्हणून इथे लिहितो आहे. इथे लिहून त्याला काहीही मिळणार नाही, हेही मला कळतं.

आमची कंपनी किनाऱ्यावरच्या कारखान्यांसाठी समुद्रातली कामं करते. मशिनं थंड ठेवायला पाणी आत ओढणारे मोठे पाइप असतात, ते तपासायचे, तळाचा गाळ मोजायचा, पाणबुडे उतरवायचे. रोज सकाळी सातच्या आत मी एक तक्ता काढतो. वारा किती, लाट किती, प्रवाह कुठल्या दिशेला, पाण्याची पातळी काय. तो तक्ता बघून बोटी सुटतात. नाशिकच्या माणसाने समुद्राचा अंदाज सांगावा, याचं माझ्या बायकोला पहिल्यापासून हसू येतं. गोदावरीला भरती कधी येते ते आधी सांग, म्हणते.

पण समुद्र मला कळतो, असा माझा ठाम समज होता आणि त्याचं श्रेय मामाला. त्याचं गाव रत्नागिरीकडचं. मे महिन्यात आम्ही भाचरं तिथे जायचो आणि मामा आम्हाला पुळणीवर नेऊन भरतीचं गणित शिकवायचा. तिथीला तीनाने गुणा, चाराने भागा, येईल तो पूर्ण भरतीचा तास. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. गणित बरोबर यायचं आणि पाणी सांगितल्या वेळी पायाशी यायचं. शाळेत गणितात जेमतेम पास होणाऱ्या पोराला समुद्राने शाबासकी द्यावी, ही गोष्ट डोक्यात जायला पुरेशी होती. पुढे इंजिनिअर झालो, परदेशी आलो, तरी मी हे गणित दर पार्टीत दोन माणसांना तरी ऐकवत असे.

इथला तांबडा समुद्र वेगळा आहे. बाराही महिने उत्तरेचा वारा. पहाटे पाणी निपचित पडलेलं असतं, दहा वाजले की वारा उठतो आणि दुपारपर्यंत सगळीकडे पांढरा फेस. भरती-ओहोटी म्हणाल तर वीतभर, फार तर हातभर. पण खरी गोष्ट वेगळीच आहे आणि ती मला तेव्हा माहीत नव्हती. उन्हाळ्याच्या शेवटी हा वारा अख्ख्या समुद्राचं पाणी दक्षिणेकडे रेटतो आणि आमच्या बाजूची पातळीच खाली जाते. सकाळी जाते आणि संध्याकाळी येते, असं नाही. आठवडेच्या आठवडे खालीच राहते. हिवाळ्यात पाण्याखाली बुडालेली प्रवाळाची खडपं तेव्हा वर डोकावतात. आता आमच्या तक्त्यात पातळीच्या रकान्याखाली याची बारीक अक्षरातली टीप असते. ती मी लिहिली आहे. वरिष्ठांनी तिचं कौतुकही केलं. माहिती त्याची होती.

तो म्हणजे आमच्या लहान बोटीचा तांडेल. दाभोळच्या खाडीकाठचा कोकणी मुसलमान, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा. या एकाच किनाऱ्यावर त्याची आठ वर्षं गेली होती. घरच्या ट्रॉलरमधला त्याचा वाटा भावांनी विकून टाकला होता, म्हणून तो इकडे आला. कंपनीच्या कागदात त्याचं पद काहीतरी लांबलचक इंग्रजी होतं. मी त्याला तांडेल म्हणायचो आणि ते त्याला आवडायचं. त्याचं म्हणणं असे की एक दिवस गावी परत जायचं ते तांडेल म्हणूनच. कुणाच्या तरी बोटीवर सुकाणू धरायचं, जाळं ओढणारा खलाशी म्हणून चढायचं नाही. बायको-मुली गावाला होत्या. हाताखालच्या खलाशांवर तो कधी आवाज चढवत नसे. जेट्टीच्या एका खांबावर त्याने पाणी असेल त्या उंचीला खिळ्याने रेघा मारून ठेवल्या होत्या, दर महिन्याला एक. रिकामटेकडेपणाचा उद्योग, असं मी मनात म्हणालो होतो.

ऑगस्टमधली गोष्ट. पातळी मोजणारं आमचं यंत्र शेवाळ आणि शिंपल्यांनी लिंपून बंद पडलं होतं. दुरुस्तीची माणसं येईपर्यंत तक्त्यातल्या त्या रकान्यात मी आडवी रेघ ओढत होतो आणि बोटवाल्यांना तोंडी काहीतरी अंदाज सांगत होतो. त्या दिवशी तीन पाणबुडे आणि मोजणीचं एक भारी यंत्र उत्तरेकडच्या खाडीत पोहोचवायचं होतं. तिथे जायला दोन वाटा. एक खोल पाण्यातून वळसा घालून, दीड तास जास्तीची. दुसरी सरळ, खडपाच्या मधल्या उथळ खिंडीतून. उन्हाळ्यात दुपारी बारा ते तीन उघड्यावर काम करायला सरकारची बंदी असते. वळसा घातला असता तर पाणबुडे पाण्यात उतरेपर्यंत बारा वाजले असते आणि दिवस फुकट गेला असता. तो दिवस फुकट का गेला, हे दुसऱ्या दिवशी मला सांगावं लागलं असतं.

मी भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरकडे बघितलं. दर जानेवारीत कुणाच्या तरी बॅगेतून ते आमच्याकडे येतं. वद्य द्वादशी. बारा त्रिक छत्तीस, भागिले चार, नऊ. नऊला पूर्ण भरती, अमावास्या जवळ, म्हणजे पाणी चांगलं चढणार. मी जेट्टीवर जाऊन तांडेलला सांगितलं, खिंडीतून घाला, नऊच्या सुमाराला.

त्याने खांबावरच्या रेघांकडे बघितलं. मग म्हणाला, "साहेब, हितं पाणी तिथीवर नाय चालत. ह्या दोन महिन्यांत पाणी उतरलेलंच असतं. बाहेरून जाऊ."

मी हसलो. पाणबुड्यांसमोर हसलो. कोकणातले असून तिथी मानत नाही का तुम्ही, असं विचारलं.

"कोकणात मानतो," तो म्हणाला.

मला राग आला. खोटं कशाला बोलू? मामाचा समुद्र, माझं गणित, आणि ज्याने हे गणित माझ्याहून आधी शिकलेलं असणार तोच मला ते खोटं आहे म्हणून सांगत होता. मी आवाज चढवून म्हणालो की तक्ता मी काढतो, बोट खिंडीतून जाईल. त्याने मान हलवली आणि दोर सोडला.

नऊ वाजून दहा मिनिटांनी वायरलेसवर निरोप आला. बोट खडपावर बसली होती. पंखा आणि त्याचा दांडा मोडला, तळाला चीर गेली, यंत्र पाण्यात गेलं, एका पाणबुड्याचं मनगट मोडलं. प्रवाळ तुटलं म्हणून तटरक्षकांचे कागद वेगळेच. जीव कुणाचा गेला नाही, याचं श्रेय तांडेललाच द्यायला हवं. त्याने खिंडीत शिरताना वेग जवळजवळ शून्यावर आणला होता. त्याला माहीत होतं ना काय होणार ते.

तीन दिवसांनी चौकशी झाली. चौकशी म्हणजे एक थंडगार खोली, आमचा मॅनेजर, मी आणि तांडेल. मॅनेजरही हिंदुस्थानीच, त्यामुळे सगळं हिंदीतून. त्याने तांडेलला विचारलं, पाणी कमी आहे हे तुला ठाऊक होतं का. तांडेल म्हणाला, जी, पता था. आणि माझ्याकडे बघितलं. मग मॅनेजरने मला विचारलं, याला ठाऊक होतं का. मी म्हणालो, हो, ठाऊक होतं.

यातला एकही शब्द खोटा नाही. मला त्याने त्या सकाळी जो इशारा दिला होता, तोच मी उचलून त्याच्याविरुद्ध साक्ष म्हणून ठेवला. तक्त्यात रेघ होती. मी तोंडी काय सांगितलं, ते कागदावर कुठेच नव्हतं. पाणबुडे फिलिपिन्सचे, आमचं मराठी त्यांना कळलेलं नव्हतं. त्यांना फक्त मी हसलेला कळला असणार. तांडेल बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला आणि मी टेबलावरच्या एसीच्या रिमोटकडे. त्यावर बावीस हा आकडा होता. पाणी कमी आहे हे माहीत असूनही बोट घातली, असं मॅनेजरने लिहिलं आणि फायनल एक्झिट, म्हणजे कायमचं देशाबाहेर. खलास. अशा शेऱ्यानंतर दुसरी कंपनी कुणाला घेत नाही. गावच्या बोटीवर सुकाणू तर नाहीच नाही, कारण ही बातमी तिथे त्याच्या आधी पोहोचणार होती. खडपावर बोट घालणाऱ्याला कोकणात तांडेल म्हणत नाहीत.

घरी मी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पण तू खोटं काही बोलला नाहीस ना?" मुलीची दहावी होती, मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा. वर्षाच्या मध्यावर शाळा बदलता येत नाही, माझा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, गेला तर सगळ्यांचाच जातो. हे आम्ही दोघं एकमेकांना आळीपाळीने सांगत राहिलो. मुलगी मध्येच खोलीतून बाहेर आली, व्हॉट हॅपन्ड म्हणाली, नथिंग म्हटल्यावर परत गेली. शुक्रवारी एका मित्राकडे आम्ही सगळी मराठी कुटुंबं जमलो, तिथे विषय निघालाच. एक जण म्हणाला की शिक्षण नसलेल्या लोकांच्या हातात बोटी दिल्या की हेच होणार. मी साबुदाण्याचा आणखी एक वडा वाढून घेतला.

एक्झिटचा कागद झाल्यावर कंपनीची गाडी त्याला जेद्दाच्या विमानतळावर सोडणार होती. मी म्हटलं, मी सोडतो. अपराधी माणसाला उपकार करायची भारी हौस असते. साडेतीन-चार तासांचा रस्ता, उजव्या हाताला समुद्र. त्याचं सामान फार नव्हतं, दोन बॅगा आणि दोरीने बांधलेला एक खोका. निघताना त्याने एवढंच विचारलं की जेद्दात शराफियाच्या बाजारात अर्धा तास थांबता येईल का, मुलींसाठी काहीतरी घ्यायचं होतं. मी म्हटलं, तासभर थांबू. त्याला एवढं तरी देता आलं, याचं मला बरंसुद्धा वाटलं. लाज आहे ती.

पहिला तास नुसता रस्ता मागे पडत गेला. मग मलाच राहवेना. त्याने मला शिव्या घातल्या असत्या तर मला सुटल्यासारखं झालं असतं. त्याने समजून घेतलं असतं तर त्याहून बरं. तो दोन्हींपैकी काहीच करेना. शेवटी मी म्हणालो, "तांडेल, मी सांगायला हवं होतं."

"व्हय," तो म्हणाला.

मी विचारलं, मग तुम्ही का नाही सांगितलंत. तो समोर रस्त्याकडे बघत म्हणाला, "मी सांगितलं असतं तर माझा शब्द आणि तुमचा शब्द. साहेब लोकांनी तुमचा धरला असता. तुमी सांगितलं असतं तर एकच शब्द राहत होता. म्हणून मी थांबलो."

उन्हात रस्ता पांढरा पडला होता आणि वाऱ्याने वाळू आडवी वाहत होती. मग तो माझ्याकडे वळला. त्या सकाळी जेट्टीवर ज्या आवाजात बोलला होता, त्याच आवाजात म्हणाला, "आजून सांगता येईल, साहेब. माणूस देश सोडून जात नाय तोवर कंपनीला एक्झिट रद्द करता येतो. मी विचारून ठेवलंय. इमानाला आजून सहा तास हायत. एक फोन."

त्याने हे विनवून सांगितलं नाही. मला ते माहीत नसेल, अशा समजुतीने सांगितलं.

मला ते माहीत होतं. कागद झाला त्याच दिवशी मीही ते विचारून ठेवलं होतं. मी गाडी हळू केली. मॅनेजरचा नंबर फोनमध्ये होता आणि फोन शर्टाच्या खिशात. वाटेवरच्या राबिग गावाच्या अलीकडे एक पंप दिसला. मी म्हणालो, जरा पेट्रोल घेतो. टाकी अर्ध्याहून जास्त भरलेली होती आणि काटा त्यालाही दिसत होता. मी उतरलो, पंपवाल्याला फुल्ल कर म्हणालो आणि टाकी भरेपर्यंत तिथेच उभा राहिलो. आत बसलेला तो माझ्या हातांकडे बघत होता. मग मी परत येऊन बसलो, पट्टा लावला आणि गाडी जेद्दाच्या रस्त्याला घातली.